शुक्रवारची वही

ईस्टरनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात महागुरुस्वामींचे, म्हणजे आमच्या बिशपांचे, पत्र आले. पत्र जेमतेम अर्ध्या पानाचे होते. सहा वर्षांच्या सेवेबद्दल दोन ओळींत आभार, नव्या धर्मग्रामाचे (पॅरिशचे) नाव आणि १ जूनपूर्वी कार्यभार सोपवून तिकडे रुजू व्हावे, एवढाच मजकूर. ते वाचून मी घडी घालून पुन्हा पाकिटात ठेवले आणि दारात उभ्या असलेल्या मुलाला त्याच्या बाप्तिस्म्याचा दाखला लिहून दिला, कारण शाळेच्या कामासाठी तो सकाळपासून दोनदा येऊन गेला होता. दाखल्यावर तारीख घालताना मी महिना चुकलो, तेव्हा माझ्या लक्षात आले की पत्र मनात पोचले आहे.

बदली नाकारण्याचा विचार आम्हा कॅथलिक धर्मगुरूंपैकी सहसा कोणी करत नाही. गुरुदीक्षेच्या विधीत उमेदवार आपले जोडलेले हात महागुरुस्वामींच्या हातांत ठेवतो आणि त्यांच्या व त्यांच्या वारसांच्या आज्ञेत राहण्याचे वचन देतो. दरवर्षी पवित्र सप्ताहात तेल आशीर्वादित करण्याच्या मिस्सात (वेदीवरच्या मुख्य उपासनेत) सगळे धर्मगुरू दीक्षेच्या वेळची वचने पुन्हा उच्चारतात. त्यामुळे पत्र आले की बॅग भरायची, हे ठरलेलेच असते. तरीही चर्चने या गोष्टीकडे केवळ हुकूम म्हणून पाहिलेले नाही. १९८३ साली लागू झालेल्या आमच्या कायदेसंहितेत १७५२ कलमे आहेत आणि त्यांतले अगदी शेवटचे कलम धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूच्या बदलीच्या प्रकरणात येते. आत्म्यांचे तारण हाच चर्चमधला सर्वोच्च कायदा असला पाहिजे, हे वारंवार सांगितले जाणारे तत्त्व याच कलमात आहे. सेमिनरीत ते पाठ करताना बदलीच्या नियमाला एवढी भारी शेपटी कशाला जोडली आहे, असे वाटून आम्ही हसलो होतो. ते हसणे अज्ञानाचे होते.

मी मूळचा वसईचा. आमच्या घरी सामवेदी बोली, दारात विहीर, भोवती केळी आणि फुलशेती. तिथून येऊन ज्याने नगर जिल्ह्यातला (आताच्या अहिल्यानगरचा) एप्रिल पहिल्यांदा पाहिला, त्याला तिथली माणसे एवढ्या उन्हात हसतात कशी, हाच पहिला प्रश्न पडतो. इथला ख्रिस्ती समाज वसईसारखा पोर्तुगीज काळातला नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ मध्ये सुरू झाले. कॅथलिक मिशनची केंद्रे १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर, जर्मन येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंच्या हातून उभी राहिली. त्यामुळे इथे टाळ, मृदंग आणि पेटीशिवाय भक्ती पूर्ण होत नाही, आणि रेव्हरंड टिळकांची पदे प्रॉटेस्टंट भावंडांइतक्याच हक्काने आमची भजनी मंडळीही गातात. वसईच्या चर्चमध्ये बँडवर वाढलेल्या मला पहिल्या वर्षी भजनाचा ठेका धरता येत नव्हता. माझ्या टाळ्या नेहमी अर्धी मात्रा उशिरा पडत आणि पुढच्या रांगेतल्या मुली तोंडावर पदर नाही तर ओढणी घेत.

लोकांना वाटते की फादरचे काम रविवारचे. प्रत्यक्षात रविवार हा आठवड्यातला सर्वांत सोपा दिवस, कारण त्या दिवशी काय करायचे हे ठरलेले असते. आमचे मुख्य चर्च आणि भोवतीच्या पाच वस्त्या मिळून सहा ठिकाणे, आणि एका धर्मगुरूला महागुरुस्वामींच्या परवानगीने रविवारी जास्तीत जास्त तीन मिस्सा करता येतात. एक मुख्य चर्चमध्ये, उरलेल्या दोन पाळीपाळीने दोन वस्त्यांवर. दोन मिस्सांच्या मध्ये फादरने चहा-पोहे घेतले तरी कम्युनियनपूर्वीच्या (मिस्सातली पवित्र भाकर घेण्यापूर्वीच्या) एका तासाच्या उपवासाचा नियम मोडत नाही, अशी तरतूदही कायद्यात आहे. ज्याने ती लिहिली त्याने मे महिन्यात कच्च्या रस्त्याने मोटारसायकल चालवली असावी, अशी माझी पक्की समजूत आहे.

ज्या तीन वस्त्यांचा रविवार हुकतो, त्यांच्या वाट्याला मंगळवार, गुरुवार आणि शनिवारची संध्याकाळ येते. संध्याकाळ म्हणजे रात्रीचे आठ, कारण त्याआधी बाया शेतातून आलेल्या नसतात आणि आल्या तरी चूल पेटायची असते. मोटारसायकलच्या मागे मिस्साची पेटी बांधायची: चषक, तबकडी, होस्तियांची, म्हणजे त्या भाकरीच्या चकत्यांची, डबी, द्राक्षारसाची बाटली, दोन मेणबत्त्या, घडी केलेला झगा आणि स्टोल, म्हणजे गळ्यात घालायचा पट्टा. वस्तीवर चर्च नसते; कुणाच्या तरी ओसरीत पलंगाची फळी वेदी होते, तिच्यावर धुतलेली चादर पडते. मध्येच थ्री फेज लाईट आली की दोन-तीन पुरुष हळूच उठून मोटर चालू करायला जातात. पहिल्या वर्षी याचा मला राग येत असे आणि एकदा तो मी प्रवचनात बोलूनही दाखवला. मिस्सा संपल्यावर आमचे प्रचारक मास्तर मला बांधावर घेऊन गेले, कांद्याच्या वाफ्यात पाणी कसे सरकते ते बॅटरीच्या उजेडात त्यांनी दाखवले आणि एवढेच म्हणाले, “फादर, ही लाईट पहाटंपस्तोर राहील का नाही, ते कुणालाच ठावं नाही.” त्यानंतर मी प्रवचन दहा मिनिटांच्या वर नेले नाही.

सोमवार आम्हा धर्मगुरूंच्या सुट्टीचा. त्या दिवशी कपडे धुणे, गाडीचे ऑईल बदलणे आणि शेजारच्या धर्मग्रामातल्या फादरांकडे जेवायला जाऊन एकमेकांच्या स्वयंपाक्यांची निंदा करणे, एवढे कार्यक्रम असतात. बुधवारी आठवडे बाजार. त्या दिवशी घरी कोणी सापडत नाही, हे मला कळायला तीन बुधवार लागले. मग बुधवार मी मिशनच्या ऑफिसला दिला. लग्नाच्या चौकशा, दाखले, शाळेच्या फीची रडगाणी आणि भावाभावांची बांधावरची भांडणे हे सगळे बाजाराच्या पिशव्यांसकट व्हरांड्यात येऊन बसे.

शुक्रवार मात्र माझा. रीतीप्रमाणे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या आणि म्हाताऱ्यांच्या घरी कम्युनियन न्यायचे असते. मी दर शुक्रवारी जाऊ लागलो, ते काही मोठ्या भक्तीपोटी नव्हे; पहिल्या वर्षी एका महिन्यात एकोणीस घरे एकाच दिवशी करताना शेवटच्या घरी मी इतका थकलो होतो की प्रार्थना म्हणताना आजोबांचे नाव चुकलो. मग घरे चार शुक्रवारांत वाटली आणि पुढे ज्यांना सवय लागली त्यांच्याकडे आठवड्यालाच जाऊ लागलो. गळ्यात कम्युनियनची छोटी डबी असताना वाटेत थांबून गप्पा मारायच्या नसतात, असा जुना रिवाज आहे. गावाला तो सांगावा लागला नाही. एरवी “राम राम फादर, कुणीकडं?” म्हणून गाडीला आडवा हात घालणारे पानटपरीवरचे लोक शुक्रवारी नुसती मान हलवत. त्यांच्यात ख्रिस्ती एकही नव्हता.

आता बदलीविषयी जे सांगायचे आहे ते सांगतो, आणि त्यासाठी आधी माझी एक चूक सांगावी लागेल. याआधी मी खानदेशातल्या एका धर्मग्रामात होतो. तरुण होतो, लोकांनी डोक्यावर घेतले होते. निघताना मोठा समारंभ झाला आणि व्यासपीठावरून मी भरल्या गळ्याने जाहीर केले की मी कुठेही गेलो तरी तुमचाच आहे, कधीही हाक मारा. लोकांनी हाक मारली. पहिल्याच वर्षी मी चार लग्नांना गेलो. दर दोन-तीन दिवसांनी फोन येत आणि मी प्रत्येक गोष्टीवर मत देत असे. भजनी मंडळाची पेटी कोणाच्या घरी ठेवायची, यावरून दोन गटांत वाद झाला, तेव्हा माझ्या जागी आलेल्या फादरांनी ती चर्चमध्ये ठेवायचे ठरवले होते. मला ते माहीत नव्हते, मी विचारलेही नाही, आणि फोनवरून एका गटाला सांगून टाकले की पूर्वीपासून ती तुमच्याकडेच असते. पुढे तीन महिने अर्धे गाव चर्चला आले नाही. त्या फादरांना माझ्यामुळे काय सोसावे लागले ते मला दुसऱ्यांकडून कळले. त्यांनी स्वतः मला एका शब्दानेही कधी विचारले नाही, आणि तेच अजून टोचते. लोकांच्या प्रेमापोटी मी हे केले, असे मला तेव्हा वाटत होते. खरे तर मला माझी जागा कोणी घ्यावी, हे सोसत नव्हते.

म्हणून या वेळी पत्र आल्यावर मी दोन गोष्टी ठरवल्या. एक वर्षभर या गावात पाऊल ठेवायचे नाही, लग्नालाही नाही आणि मयतीलाही नाही. आणि फोन आला तर ख्यालीखुशाली विचारायची, बाकी प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर द्यायचे की नव्या फादरांना विचारा. रविवारच्या मिस्सानंतर मी बदलीची बातमी सांगितली आणि त्याच दमात हेही सांगितले. चर्चमध्ये जी शांतता पसरली ती दुःखाची नव्हती, अपमानाची होती. बाहेर मास्तर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी वस्तीकडे जाताना ते मागे पेटी धरून बसले होते, तेव्हा बऱ्याच वेळाने म्हणाले, “म्हंजी आमचं काम झालं, आता वळख न्हाई.” मी गाडी बाजूला घेतली आणि त्यांना खानदेशातल्या त्या भजनाच्या पेटीची गोष्ट सांगितली. ती ऐकून ते काही बोलले नाहीत, पण उतरताना त्यांनी माझ्या झग्याची घडी नीट केली.

शेवटचे तीन आठवडे बहुतेक कागदांत गेले. बाहेरच्या माणसाला हे नीरस वाटेल, पण निरोपाचा सगळ्यात प्रामाणिक भाग मला तोच वाटला. प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवाव्या लागतात, आणि एखाद्याचे लग्न कुठेही झाले तरी त्याची नोंद त्याच्या बाप्तिस्म्याच्या पानावर समासात करावी लागते. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या मुलामुलींच्या लग्नांची कळवणी तिथल्या चर्चमधून टपालाने आली होती, आणि ती मी ‘सावकाश करू’ म्हणून खणात टाकत गेलो होतो. मोजली तर त्रेचाळीस निघाली. सहा वर्षांचा आळस तीन रात्रींत समासात उतरवताना नावे ओळखीची लागत: ही पेटी वाजवायची, हा मोटर चालू करायला उठायचा, या मुलीने माझ्या टाळ्यांना हसून तोंडावर ओढणी घेतली होती.

जुन्या वह्या चाळताना एक गोष्ट हाती लागली. सुरुवातीच्या वह्या लॅटिनमध्ये आहेत. बारीक, उजवीकडे झुकलेले जर्मन वळणाचे अक्षर, त्यात आपली मराठी नावे रोमन लिपीत कशीबशी बसवलेली. मग पहिल्या महायुद्धाच्या काळात एका पानाच्या मध्यावर ते अक्षर थांबते आणि पुढच्या नोंदी वेगळ्याच शाईत, वेगळ्याच हाताच्या आहेत. त्या वर्षांत इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यातल्या जर्मन धर्मगुरूंना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध केले आणि पुढे मायदेशी धाडले. या गृहस्थांना वह्या सोपवायला, कोणाला काही सांगायला किती वेळ मिळाला असेल, ते पानावरून कळत नाही. मात्र त्यांची शेवटची नोंद पूर्ण आहे. मुलाचे नाव, आईबापांची नावे, साक्षीदार, सही, सगळे जागच्या जागी. माझी त्रेचाळीस कळवणी शेजारीच पडली होती. मी दिवा मोठा केला.

निरोप समारंभाचे फारसे सांगण्यासारखे नाही. फेटा, शाल, श्रीफळ, हार, पुन्हा शाल. अकरा वक्त्यांनी मला असे काही गुण चिकटवले की माझ्या आईनेही ओळखले नसते. सरपंच उशिरा आले आणि सर्वांत चांगले बोलले, म्हणजे तीन मिनिटे बोलले. जेवणात लापशी आणि आमटी होती, आणि भजन रात्री एकपर्यंत चालले. टाळ्यांचा ठेका मला आता येतो, हे एका मुलीने मुद्दाम येऊन सांगितले.

नव्या फादरांना वह्या, किल्ल्या, कॅशबुक, बँकेच्या सह्यांचे कागद आणि भांड्यांची यादी दिली, तरी मला काहीतरी राहिल्यासारखे वाटत होते. मग मी शंभर पानी एक वही घेतली आणि ज्या गोष्टी कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतात त्या लिहून काढल्या. गाडीचा चोक अर्धाच ओढायचा. बुधवारी कोणाच्या घरी जाऊ नये. दुसऱ्या वस्तीवर काळा कुत्रा आहे, तो झगा पाहिला की भुंकतो, साध्या शर्टात गेले तर नाही. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्यात परततात. लेकरांचे पहिले कम्युनियन त्याआधी किंवा त्यानंतर धरावे, मध्ये धरले तर निम्मी लेकरे हुकतात. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला सप्टेंबरात लोक पायी जातात, त्यांच्यासोबत निदान शेवटचे दोन कोस चालावे. चालणाऱ्या फादरचे प्रवचन ऐकतात.

पुढे मी माणसांविषयीही लिहायला लागलो. कोणावर भरवसा ठेवावा, कोण गोड बोलून काम साधतो, कोणत्या दोन घरांना एका बाकावर बसवू नये. अडीच पाने भरल्यावर मी ती वाचली आणि फाडून टाकली. त्यातले निम्मे माझे रागलोभ होते. मी ज्याला लबाड लिहिले होते, त्याचे नव्या फादरांशी कदाचित उत्तम जमेल. नव्या माणसाकडून नव्याने पाहिले जाण्याचा तेवढा एक हक्क बदलीमुळे गावालाही मिळतो, आणि तो मी माझ्या अक्षरात बुजवून टाकणार होतो. बाकांविषयीचे वाक्य मात्र ठेवले. ते खरेच महत्त्वाचे आहे.

शेवटची पाने शुक्रवारची होती. कोणत्या घरी कोण, कोणाला होस्तियाचा तुकडा लहान करून पाण्यासोबत द्यावा लागतो, कोणाला डावीकडून बोलल्यास ऐकू येते. शेवटच्या शुक्रवारी मी नव्या फादरांना बरोबर नेले नाही. ती फेरी त्यांनी आपल्या गतीने सुरू करावी असे मला वाटले, आणि खरे सांगायचे तर ती मला एकट्याला हवी होती.

पाचव्या वस्तीवर एक आजी आहेत. ऐंशीच्या पुढच्या. अख्ख्या धर्मग्रामात मला एकेरीत बोलावणारे एवढे एकच माणूस. दर शुक्रवारी त्यांच्या खाटेशेजारी स्टूल असते, त्यावर धुतलेल्या पांढऱ्या लुगड्याचा तुकडा, काचेच्या पेल्यात मेणबत्ती आणि मुठीएवढा क्रूस. प्रार्थनेला त्यांचे ‘आमेन’ नेहमी एका वाक्याने मागे असते, आणि त्यासाठी थांबायला मी शिकलो आहे. कम्युनियन झाले. सून चहा ठेवायला गेली. मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकून सांगितले की माझी बदली झाली, मी आता येणार नाही.

“बरं,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी ये मग.”

मी पुन्हा सांगितले. त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातावर हात ठेवून पुन्हा तेच म्हणाल्या. तिसऱ्यांदा मी वाक्य बदलले आणि म्हणालो की शुक्रवारी नवे फादर येतील.

हे त्यांना कळले. थोडा वेळ त्या मेणबत्तीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “त्यान्ला सांग, दार नुस्तं लोटल्यालं असतंया. वाजवत बसू नका म्हनावं, मला ऐकू येत न्हाई.”

चहा घेऊन बाहेर आल्यावर मी गाडीच्या सीटवर वही ठेवली आणि पाचव्या वस्तीच्या पानावर, कानाच्या नोंदीखाली, ते लिहून घेतले.